बारा फूट

“गरम इंजिन गोड बोलतं, मला थंड दाखवा,” असं माझे भावजी एकदा एका विक्रेत्याला म्हणाले, आणि गॅरेजवाल्यांनी त्यांचं नाव थंडोबा ठेवलं.

जुनी वेगवान गाडी घेणारे लोक त्यांना सोबत न्यायचे. ते आधी बॉनेटवर तळवा ठेवत. कोमट लागलं की परत फिरत. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू झालं की तेल वर चढेपर्यंतच्या तीन-चार सेकंदांत आतली सगळी झीज बोलून जाते, मग ती लपते. भावजी तेवढ्यापुरते डोळे मिटत आणि निकाल तिथेच, मालकासमोर देत. “हिला फार पळवलंय. घेऊ नका.” आवाज खाली आणणं त्यांना जमत नसे.

स्वतःसाठी मात्र ते कधी गाडी बघायला गेले नव्हते. बाविसाव्या वर्षी, शिकाऊ असताना, त्यांच्या गॅरेजात एक गडद निळी, सहा सिलिंडरची गाडी आली होती. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हलवायला मालकाने त्यांना सांगितलं. बारा फूट. त्याला छत्तीस वर्षं झाली. जेवताना त्यांचा घास हातातच राहिला की माझी ताई मला खुणावायची, “गेले बारा फुटांवर.”

तशीच गाडी विकायला असल्याचं कळलं तेव्हा ताई म्हणाली, “आणा एकदाची सवत घरी. निदान भांडायला समोर तरी असेल.” भावजी हसले नाहीत. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला बरोबर घेतलं.

मालकीणबाई सत्तरीच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. शेडमध्ये गाडी उभी होती, तोच निळा रंग, धुळीचा कण नाही. भावजींनी तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

“बाई, सुरू करू नका म्हणालो होतो.”

“हो, पण रोजची सवय. सकाळी दहा मिनिटं सुरू ठेव, म्हणजे जिवंत राहील, असं सांगून गेले हे. सहा वर्षांत एक दिवस चुकवला नाही. तापातसुद्धा उठून आलेय.”

“आणि बाहेर?”

“मला कुठे चालवता येते? दारातून हात घालते नि किल्ली फिरवते.”

दुसऱ्या कुणासाठी आले असते तर भावजी तेव्हाच निघाले असते. ते म्हणाले, “थंड होऊ दे. थांबतो आम्ही.”

दुपारपर्यंत थांबलो. बाईंनी दोनदा चहा केला. भावजी गाडीत बसून होते. सीट एका उंच माणसासाठी मागे सरकवलेली, त्यांचे पाय क्लचला पुरत नव्हते. त्यांनी ती पुढे ओढली नाही, कडेवर टेकून स्टिअरिंग धरलं. शेडची समोरची भिंत साधारण बारा फुटांवर असेल.

मग त्यांनी डोळे मिटून किल्ली फिरवली. खालून ठक-ठक-ठक आली, चार सेकंद. मग ती विरली आणि इंजिन भरदार घुमू लागलं. माझ्याही अंगावर काटा आला. भावजींनी ते लगेच बंद केलं.

बाई कागद आणायला आत गेल्या.

“बेअरिंग गेलेत,” भावजी म्हणाले. आवाज चक्क खाली आला होता. “दहा मिनिटांत तेल पुरतं तापत नाही. पेट्रोल नि पाणी त्यातच राहतं, तेल पातळ होतं. रोज थोडं थोडं खाल्लंय. नुसती उभी ठेवली असती तरी वाचली असती.”

“मग काय झालं? मिस्त्री ना तुम्ही? बदला.”

“क्रँकही ओरबाडला असणार. याचे भाग आता मिळत नाहीत. रस्त्यावर नेली तर जाम होईल, आणि उघडली तर उघडीच राहील.” ते भिंतीकडे बघत होते. “शिवाय माझ्या कानात तिचा एक आवाज आहे रे. हिला घरी नेली की रोज सकाळी ही ठकठक ऐकायची. मग तो राहील का?”

बाई फाइल घेऊन आल्या. आमच्या चेहऱ्यांकडे बघून दारातच थांबल्या.

“माझ्या हातून काही चुकलं नाही ना?”

“नाही,” भावजी म्हणाले. “छान सांभाळलीत.”

गाडीबद्दल खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी फाइल छातीशी धरली.

“मग नेताय ना? तुम्ही आत बसलेले पाहिलं तेव्हाच वाटलं, हिला माणूस मिळाला.”

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. भावजींनी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. खिशातल्या फडक्याने बॉनेटवरचा आपल्या तळव्याचा ठसा पुसला, आणि फाटकाबाहेर निघून गेले.