फॉर्ममामांचा लाल नियम

पैसे भरायची वेळ आली की फॉर्ममामा सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावायचे. पालमच्या बसस्टँडसमोर त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, एक कॉम्प्युटर आणि तीन खुर्च्या. पडद्यावर पेमेंटचं पान आलं की ते उभे राहून ओरडायचे, "समदे बंद करा रे, पेमेंट चालू हाय!" त्यानं रेंज मोकळी होते, अशी त्यांची ठाम समजूत. शेजारचा चहावालासुद्धा मुकाट्यानं मोबाईल बंद करायचा. मला हसू यायचं, पण मीही करायचे.

बाकी त्यांना या कामातलं चांगलंच कळायचं. भिंतीवर त्यांच्या हातचा कागद होता. गोल फिरत राहिलं तर हात लावू नये. पांढरं पान आलं तर मागे जाऊ नये. आणि लाल शाईनं: पैसे कटले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये, अर्धा तास थांबावे. लाल का, विचारलं तर म्हणाले, "एका बाईचे तीनदा कटले व्हते. माझ्यासमोर लय रडली बिचारी."

आमच्याकडे खातं बाईचं असलं तरी त्याला जोडलेला नंबर बापाचा नाहीतर नवऱ्याचा, आणि ऊसतोडीची टोळी गेली की तो माणूस दूर उसाच्या फडात. ओटीपी तिकडे जायचा. मामा फोन लावून त्याला आकडे वाचायला लावायचे. "आधी कोयता खाली ठिवा पाव्हणं, मंग सांगा." किती घरांची कामं त्यांनी अशी केली असतील!

माझं मात्र झालं नाही. सरकारी नर्सच्या भरतीचा फॉर्म होता आणि वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. चार दिवस साईट उघडतच नव्हती. शेवटच्या दिवशी दुपारी उघडली. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. माझ्या खात्यालाही नंबर आबांचा, म्हणजे वडिलांचा, आणि ते फडात होते. पहिले दोन ओटीपी ते वाचेपर्यंत वेळ संपून गेले, तिसरा लागला. फोनवरच आबा ओरडले, "कटले, माय! मेसेज आला!" पडद्यावर मात्र पांढरं पान. थोड्या वेळानं परत उघडून पाहिलं तर फी भरलेली नाही, असं दिसत होतं. सव्वापाच झाले होते.

"मामा, परत भरा," मी म्हणाले.

"थांब. साईट इचार करायलीय. आबाच्या घामाचे पैसे हाईत, दुबार जाऊ द्यायचा न्हाई मी."

मी हातापाया पडले. तुमच्या खात्यातून भरा म्हणाले, तर त्यांचं खातं सकाळपासूनच बंद पडलेलं. ते घड्याळाकडे पाहत राहिले. पावणेसहाला अर्धा तास झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि आबांना फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला, बंदच. मघाशी मामा सवयीनं ओरडले होते, ते आबांनी फोनवर ऐकलं होतं. लेकीचं पेमेंट अजून चालूच आहे असं समजून त्या भल्या माणसानं आपला मोबाईल बंद करून ठेवला होता.

सहा वाजता फॉर्मची लिंक बंद झाली. मामा खुर्चीत तसेच बसून राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. आज मामा नाहीत, दुकानाच्या जागी मोबाईल कव्हरं विकतात, मी खासगी दवाखान्यात पेशंटच्या नंबराच्या चिठ्ठ्या फाडते, तरी तो राग अधूनमधून येतो. आणि मामांची आठवण आली की रडूही येतं. लाल ओळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी खोडून टाकली होती.

फॉर्म हुकल्याचं आबांना मी सांगते म्हटलं, तर मामा म्हणाले, "तू नको, मी सांगतो." त्यांच्यानं ते झालं नाही. आठव्या दिवशी मी दुकानात असताना आबांचा फोन आला. पैसे परत आल्याचा मेसेज होता, इंग्रजीत. आबांना त्यातले आकडेच कळले, त्यांना तो ओटीपीच वाटला.

"मामा, आला बघा नंबर. घ्या लिहून."

मामांनी पेन उचललं. आबा एकेक आकडा वाचत होते, कोयता खाली ठेवून, सावकाश. मामांनी सगळे आकडे लिहून घेतले.

"लागला का बराबर? झालं ना पोरीचं काम?"

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते बाहेर चहावाल्याकडे जाऊन उभे राहिले.