नैवेद्य माळावरच संपला

नवस बोलताना मी फार घाबरलेली होते आणि फेडताना तेवढीच हट्टी झाले. मागच्या हिवाळ्यात आमचे हे न्यूमोनियानं दवाखान्यात होते. तेव्हा मी डोंगरावरच्या देवीला कबूल केलं होतं, की हे बरे झाले तर पायथ्यापासून तुझ्या पायरीपर्यंत तोंडातून शब्द न काढता चालत येईन आणि पुरणाचा नैवेद्य दाखवीन. हे बरे झाले. पण नवस राहून गेला आणि वर्षभर मला रुखरुख लागली, की देवी हिशेब ठेवून बसली असेल. आज लिहितानाही या विचाराची लाज वाटते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी धाड गावाहून जीपनं आम्ही पायथ्याशी उतरलो. उतरल्याबरोबर माझं मौन सुरू झालं. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, गप्प बसणं त्यांना जमत नाही. "पस्तीस वर्षांत पयल्यांदा माह्या बोलण्याचा नंबर लागला," असं म्हणत ते चढभर बोलत राहिले आणि मी ओठ दाबून हसत राहिले. तासाभरात वर पोचलो. वर नुसता माळ. कंबरेएवढं वाळलेलं गवत, साडीला चिकटणारी कुसळं, मध्येच शेंदूर फासलेले वीरगळ आणि छप्पर उडालेलं एक हेमाडपंती देऊळ. पलीकडच्या टेकडीवर देवीची पांढरी भिंत दिसत होती. जुना दगड दिसला की ह्यांचे पाय थबकतात. मी खुणेनं "या मागून" सांगितलं आणि पुढं निघाले.

बरंच पुढं गेल्यावर वळून पाहिलं तर हे नव्हते. बघत असतील एखादं शिल्प, म्हणून थांबले. टाळ्या वाजवल्या. गवत हललं ते वाऱ्यानं. हाक मारावी तर नवस मोडतो, आणि नवस मोडला तर ज्यांच्यासाठी बोलले त्यांनाच काही होईल, या भीतीनं मी तिथंच उभी राहिले. पाच मिनिटं असतील. त्या पाच मिनिटांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. शेवटी "अहो" म्हणून ओरडले. उत्तर आलं नाही. मग काय झालं कोण जाणे, लग्नातल्या उखाण्यानंतर कधी न घेतलेलं त्यांचं नाव मी माळभर घेतलं. "प्रल्हाद! प्रल्हाद!"

उत्तर आलं ते एका बाईचं. "इकडं ये बाई, देवळापाशी!"

धावत गेले. खांबाला टेकून हे बसले होते. एवढ्या थंडीत घामानं ओले, हात थरथरत होते, नजर माझ्यावर ठरत नव्हती. शेळ्या चारणारी एक म्हातारी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, त्यांना धरून होती. "मी तं खालच्या अंगानं जाऊन राह्यली होती," ती म्हणाली. "एक बकरी इकडं पळाली म्हणून आली. याले शुगर हाये का? आमच्या घरवाल्याचंबी असंच होते."

मी ह्यांची पिशवी उघडली. सकाळी बांधून दिलेली भाकरी तशीच होती. नंतर कळलं, मी मौन पाळते म्हणून ह्यांनी मला न सांगता दर्शनापर्यंत उपास धरला होता, आणि साखर उतरवायची गोळी मात्र शहाण्यासारखी वेळेवर घेतली होती!

"गोड हाये का तुह्याजवळ?"

"देवीचा नैवेद्य आहे," मी म्हणाले.

"मंग काऊन थांबली? आधी याले दे. देवीले मंग सांगू."

मी डबा उघडला. पुरणपोळीवर गुळाचा खडा ठेवला होता. ज्या माणसापासून मी वर्षभर गुळाचा डबा लपवला, त्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं गूळ ठेवला, मग पुरणपोळीचे घास. रडू येत होतं आणि हात थांबत नव्हता. त्या म्हातारीनं, तिला मी आता चाची म्हणू लागले होते, तिच्या बाटलीतलं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी नजर ठरली. मग भाकरीही खाल्ली.

"तू माह्यं नाव घेतलं?" हे म्हणाले.

"अख्ख्या माळानं आयकलं," चाची हसत म्हणाली.

मी परत फिरू म्हणत होते. पण गाडीरस्ता देवीच्याच बाजूला होता, म्हणून तिकडंच निघालो. शेळ्या हाकत चाची सोबत आली. ह्यांनी तिला दमली असशील म्हटलं, तर तिनं ह्यांनाच गप्प बसवलं. टेकडीवरून खाली शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे आणि दूरवर घाट दिसत होता. चाची बाहेर कट्ट्यावर बसली, आम्ही आत गेलो.

गुरवानं रिकामा डबा पाहिला. "नैवेद्य कुठाय?"

"म्या खाल्ला," हे म्हणाले, शाळेत उभं केल्यासारखे.

मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्या गुरवानं एकदा बाहेर चाचीकडं पाहिलं, मग ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "मंग पोचला म्हना ना बाई," एवढंच म्हणाला आणि दिव्यात तेल घालायला वळला.

ती शेळी देवळाकडं कुणी पळवली, ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. मी आजवर देवीपुढं अटी घालूनच उभी राहिले होते, तू हे कर, मी ते करीन. त्या दुपारी माझ्याजवळ मौन उरलं नव्हतं, नैवेद्य उरला नव्हता. शेजारी ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मी हात जोडले, आणि पहिल्यांदाच काहीही कबूल केलं नाही.