पाणी मागणाऱ्याकडे बघायचं नाही

पत्रकाची घडी कशी घालायची ते मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. आई रत्नागिरीत अंगणवाडी सेविकांच्या युनियनचं काम करायची आणि आमच्या पडवीत कायम छापखान्यातून आलेले गठ्ठे असायचे. त्यामुळे मस्कतमध्ये नोकरीला लागल्यावर पहिला अन्याय दिसला, तेव्हा मी पत्रकच लिहिलं.

ऑटिझम असलेल्या मुलांना बोलायला, मागायला, थांबायला शिकवणं हे माझं काम. बौशरमधल्या एका सेंटरमध्ये मी थेरपिस्ट होते. आमच्यावर देखरेख करणारे ते वर्तन-विश्लेषक; मलाही पुढे तेच व्हायचं होतं. तेव्हा कुणीही झटपट कोर्स करून पाटी लावत होतं, मुलांचे हात दाबून धरत होतं आणि त्याला उपचार म्हणत होतं. आखातातल्या आमच्या थेरपिस्टांच्या संघटनेचे मस्कतमधले सगळे सभासद एका कॅफेटेरियातल्या दोन टेबलांवर मावायचे. विश्लेषकांना परवाना हवा, परवानाधारकाच्या देखरेखीशिवाय मुलाला कुणी हात लावता कामा नये, असं मी इंग्रजीत, हिंदीत, मराठीत लिहिलं. संघटनेनं ते पालकांमध्ये वाटलं. माणसं वाढली. दक्षिणेकडे सलालाह शहरात शाखा निघाली, बैठका हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायला लागल्या, गळ्यात ओळखपत्रं आली. परवानाही आला. त्या दिवशी मी सेंटरमध्ये सगळ्यांना हलवा वाटला.

नियमांमध्ये एक ओळ होती. वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेले जे तास परवान्यासाठी धरले जातात, ते इंग्रजीत किंवा अरबीतच झाले पाहिजेत, कारण त्यांचं चित्रीकरण परवाना समिती तपासणार.

माझ्याकडे तेव्हा वादी कबीरहून एक पाच वर्षांचा मुलगा यायचा. वडील एसी दुरुस्तीच्या कामावर, घरात मालवणी. काही हवं असलं की तो समोरच्याचं मनगट धरून ओढत न्यायचा, तोंडातून शब्द नाही. कित्येक महिने मी पाण्याचा ग्लास धरून त्याच्या ओठांकडे बघत बसले होते. एका सकाळी तो म्हणाला, "पाणी." मग तहान नसतानाही तो मागतच राहिला. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होती आणि प्रत्येक वेळी हसत होती.

माझ्या देखरेखीला होत्या त्या मॅडम पुण्याच्या. माझ्या डब्यातली भाकरी हक्कानं घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अगं, शाळेत त्याला पाणी कोण म्हणणार आहे? वॉटर शिकव. तुझेही तास भरतील."

त्याची एक पद्धत असते. 'पाणी' म्हटलं तर दुर्लक्ष करायचं. बघायचं नाही, चेहराही हलू द्यायचा नाही. 'वॉटर' म्हटलं तरच ग्लास पुढे करायचा. घरीही तसंच करा, असं मॅडमनी त्याच्या आईला समजावलं. ती माझ्याकडे वळली.

"ताई, माझो झील माझ्याकडे पाणी मागता, नि मी गप रवू?"

संघटनेच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. मूल ज्या भाषेत आईकडे मागतं, त्या भाषेतला तास का धरायचा नाही, असं विचारलं. अध्यक्षांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं आणि वर झालेल्या पुढच्या हाताकडे बोट केलं. तो हात प्रमाणपत्रं कधी मिळणार हे विचारत होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा पुढचा हात. ग्रुपवर लिहिलं, तर सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि खाली कुणीतरी सलालाह शाखेच्या अभिनंदनाचा पुष्पगुच्छ टाकला. कुणी मला गप्प बस म्हटलं नाही. सगळे प्रशिक्षित लोक होते. एखादं वागणं बंद पाडायचं असेल तर रागवायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

त्याच आठवड्यात चित्रीकरणाचा तास झाला. कॅमेरा सुरू, मॅडम मागे खुर्चीवर. मुलगा म्हणाला, "पाणी." ग्लास माझ्या हातात होता. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. मग वाकून माझा चेहरा शोधायला लागला, जणू मी कुठेतरी गेले होते. मागून मॅडम शांतपणे म्हणाल्या की आता तो हट्ट वाढवेल, तू हलू नकोस. मी म्हणाले, "घे रे बाळा, पाणी," आणि ग्लास दिला.

तो तास धरला गेला नाही. परवान्यासाठीच्या माझ्या पुढच्या तासांवर देखरेख करायला मॅडमनी नकार दिला आणि मुलगा दुसऱ्या थेरपिस्टकडे गेला. ती मुलगी नियमानं वागली. गेल्या महिन्यात तिला परवाना मिळाला. फोटोत मॅडम तिच्या शेजारी उभ्या आहेत. मी अजून थेरपिस्टच आहे, आणि ज्या परवान्यासाठी घसा कोरडा केला त्याच परवान्याविरुद्ध पत्रक लिहिते आहे. ते वाटायला आता कुणी नाही.

परवा वादी कबीरच्या एका दुकानात ती माय-लेकरं दिसली. तो वॉटर म्हणायला शिकला का, असं मी विचारलं. आई "नाही" म्हणाली. आणि पाणी? तिनं नकारार्थी मान हलवली. मुलानं मला ओळखलं असावं. त्यानं माझं मनगट धरलं आणि ओढत फ्रीजपाशी नेलं. मी बाटली काढली, त्याच्यासमोर धरली आणि जुन्या सवयीनं त्याच्या ओठांकडे बघत थांबले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. दुकानदार म्हणाला, "दे दो ना मॅडम, बच्चा प्यासा है।"

मी दिली.