तीन बाजूंची शिवण

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांपैकी आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले, हे वडील आम्हाला अभिमानाने सांगायचे. आमच्या घरात अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, अमावास्या पाळणं नाही. त्यात माझा धंदा मशीन दुरुस्तीचा. मशीन वेडंवाकडं वागलं की त्याला कारण असतंच... स्क्रू ढिला असतो, टायमिंग हललेलं असतं, नाहीतर चालवणाऱ्याचं लक्ष नसतं. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. आज स्वतःचा लिहायला बसलेय, तर हात थोडा जड झालाय.

मी नारायणगावात राहते. लग्नाआधी पुण्यात एका गारमेंट कंपनीत ऑपरेटर होते, तिथेच मेकॅनिकच्या हाताखाली राहून काम शिकले. आता एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा गाळा आहे. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली मोठी शिलाई मशीनं माझ्याकडे येतात. घरगुती नव्हेत — ताडपत्री, कनाती, ट्रॅक्टरच्या सीटा शिवायची जाड कामाची मशीनं. यातली बरीचशी इतकी जुनी की कंपनीने पार्ट बनवणं कधीच बंद केलंय. मग मी भंगारात, बंद पडलेल्या कारखान्यांत, कुणाच्या तरी माळ्यावर पार्ट शोधत फिरते.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता खोडदच्या शोभाचं मशीन बसलं. शोभा माझ्याच वयाची. नवरा ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. ती घरी शेडनेट आणि ताडपत्र्या शिवते, त्यावर घर चालतं. पदरात एक मुलगी, सिद्धी, तिसरीतली. मशीनचं हुक तुटलं होतं. हुक म्हणजे मशीनच्या पोटात गोल फिरणारा पार्ट, वरच्या दोऱ्याला खालच्या दोऱ्यात अडकवणारा. ते गेलं की मशीन म्हणजे नुसतं लोखंड.

पुण्यात विचारलं, मुंबईला फोन केले. नाहीच. शेवटी मंचरचे शांतीशेठ, ज्यांच्याकडून मी सुया आणि दोरा घेते, ते म्हणाले, "पारगावच्या पुढे एका वस्तीवर असंच मशीन पडून आहे. शिवणारा वारला. घरच्यांना विचारून बघा."

मी स्कूटी काढली आणि गेले. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. वस्तीवर एक म्हातारी आणि तिची सून होती. म्हातारीला मी आल्याचं कारण सांगितलं तर तिने किंमत विचारली नाही, कुणासाठी पाहिजे तेही विचारलं नाही. पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं.

"तुमीच जा आत. काय लागंल ते काढून न्या."

"आजी, पैसे किती—"

"पैशाचं नाव काढू नका. फकस्त माघारी आणून देऊ नका."

दोघींपैकी कुणी शेडच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. मशीन गोणपाटाखाली झाकलेलं होतं. मोटर नव्हती, पट्टा नव्हता. गोणपाटावर धुळीचा थर होता. गोणपाट उचललं तर खाली मशीन लख्ख... मी डोकं मागे पाडलं, म्हणजे टेबलावरचा मशीनचा मुख्य भाग उलटा केला. हुक तेलाने ओलं होतं. वर्षानुवर्षं बंद मशीनमधलं तेल पिवळं, चिकट होऊन जातं. हे ताजं होतं, बोटाला लागलं तर पाण्यासारखं.

"कोण तेल घालतं याला?" बाहेर येऊन मी सुनेला विचारलं.

"कोण न्हाई," ती म्हणाली. "आमी आत जातच न्हाई."

मला वाटलं, हिला माहीत नसेल, घरातलंच कुणीतरी घालत असेल. हुक पिशवीत टाकलं आणि निघाले.

शोभाच्या मशीनला ते असं बसलं, जणू त्याच मशीनचं होतं. जुन्या हुकाचं टायमिंग, म्हणजे सुईशी त्याचा मेळ, जुळवायला माझा अर्धा दिवस जातो. इथे घातलं, आवळलं, पहिलाच टाका स्वच्छ. शोभा खूश. मीसुद्धा.

थोड्या दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, हसू नका. मी रानात असले की मशीन चालतंय."

"म्हणजे?"

"शेजारच्या काकू म्हणत्यात, दुपारची तू तर मळ्यात व्हतीस, मग घरात शिवत कोण बसलं व्हतं?"

मी हसलेच. म्हटलं, "बटण बंद करत नसशील. मोटर घुमत राहते, तोच आवाज." इकडे खोडदला आकाशातले सिग्नल पकडणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या डिशा आहेत, काहीही झालं की लोक त्यांच्यावर ढकलतात. शोभाचा दीर म्हणालाच, डिशांचा करंट उतरत असेल. पण शोभाचा आवाज घाबरलेला होता. म्हणून मी जाऊन मशीनचं डोकंच सोडवून गाळ्यावर आणलं. मोटर आणि पट्टा तिच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीची वेळ. शटर पूर्ण उघडं, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चाललेली. मी दुसरं मशीन उघडून बसले होते आणि पाठीमागे आवाज सुरू झाला. खट... खट... खट. वळून पाहिलं. शोभाच्या मशीनचं चाक फिरत होतं. सुई वर-खाली होत होती. ना मोटर, ना पट्टा, ना दोरा, ना कापड. नुसतं डोकं, टेबलावर ठेवलेलं.

मी पळाले नाही. खरं सांगायचं तर मला आधी सवयीने मशीनचाच विचार आला, की स्प्रिंग कुठली ताणलेली असेल. पण मी आयुष्यभर शिवणीचे आवाज ऐकलेत. हे कुणीतरी शिवत होतं. एक लांब सरळ शिवण झाली. मग सुई खाली रुतून थांबली, सुईजवळचा कापड दाबणारा पाय आपोआप वर झाला, क्षणभर तसाच राहिला... कोपऱ्यावर कापड फिरवताना आपण करतो तसं. पाय खाली. आखूड शिवण. पुन्हा थांबणं, पुन्हा पाय वर, पुन्हा खाली. पुन्हा लांब शिवण. आणि मग बंद. चौथी बाजू नाही.

तीन बाजू शिवलेली, तोंड उघडं असलेली पिशवी. शिवणीच्या लांबीवरून मला मापही कळलं. पोत्यापेक्षा पुष्कळ मोठी. मोठ्या माणसाला मात्र आखूड पडेल अशी.

मी शटर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारगावची वाट धरली.

म्हातारी ओट्यावर अंथरुणात पडून होती. अंगात कणकण आहे, सून म्हणाली. मला पाहून म्हातारी उठून बसली. मी काय ऐकलं ते सांगितलं. तिने सुनेला चहा टाकायला आत पाठवलं, मग बोलली.

"कोरोनात यांना दवाखान्याचं काम आलतं. मेलेल्या माणसांच्या पिशव्या. जाड प्लॅस्टिक, कुणी शिवून देईना, आमच्या यांनी दिल्या. समद्या एकाच मापाच्या. मग एक दिवस हे निराळंच माप शिवत बसले. म्या म्हणलं, हे कुणाला? म्हणले, म्हाईत न्हाई, हात चाललेत. तीन बाजू शिवल्या आन् ठेवली. तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारचा गेला. त्याचंच माप."

"आणि चौथी बाजू?"

"ती माणूस जाताना व्हती शिवून. आपसूक." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मग यांनी मशीनला हात लावायचा सोडला. तरी ते चालायचं. यांचं माप शिवलं. थोरल्या पोराचं शिवलं. मोटर इकली, पट्टा चुलीत घातला, तरी चालतंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आजी, हे तुम्ही मला सांगायला नको होतं?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस का?"

मी उठून चपला घालायला लागले.

"मला दोन नातवंडं हायेत, पोरी," ती म्हणाली. "म्या इचार केला, मशीन मोडून त्यातलं काय दुसरीकडं गेलं तर तुटंल त्याचं चालणं. न्हाई तुटलं तर... निदान माझ्या दारात तरी न्हाई."

परत येताना मंचरच्या अलीकडे शोभाचा फोन. मी स्कूटी बाजूला घेतली. सिद्धीला ताप होता तो डेंग्यू निघाला, पेशी झपाट्याने उतरल्यात, नारायणगावात ॲडमिट केलंय. फोनवर ती रडत होती. मी "येते" म्हणाले आणि माझ्या डोळ्यांसमोर ती आखूड पिशवी आली. तिसरीतली पोर... थोडी मोठी होईल तिला, पण घालणारा मापं काय तंतोतंत बघतो?

दवाखान्यात न जाता मी आधी गाळ्यावर गेले. हुक काढायचं, ठेचायचं, एवढंच डोक्यात. शटर वर केलं तर सुई आधीच खाली रुतलेली होती आणि पाय वर. तिसरा कोपरा. माझ्यासमोर पाय खाली आला आणि चाक हललं.

मी चाक धरलं. दोन्ही हातांनी.

ते थांबलं, पण सुटलं नाही. मशीन अडकलं की चाक घट्ट लागतं, ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. यात ओढ होती. कमी व्हायची, मग पुन्हा वाढायची, पलीकडून कुणी तरी दम घेऊन पुन्हा ओढावं तशी. स्क्रूड्रायव्हर हाताजवळ पडलेला होता, पण हुक काढायला दोन्ही हात लागतात, आणि एक हात सोडला की चाक निसटायचं. मी गुडघा टेबलाला लावून तशीच उभी राहिले. तळहात सोलवटले. कुणाला हाक मारावी तर काय सांगणार? गल्लीतून एक ओळखीची बाई गेली, "काय ताई, जाम झालं का?" म्हणाली. मी "हो" म्हटलं. ती निघून गेली.

दुपार अशी गेली. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर चढला, मग विझला. समोरच्या टपरीत दिवा लागला तेव्हा फोन वाजला. मी कोपराने दाबला, स्पीकरवर टाकला.

"ताई, ताप उतरला! पाणी मागितलं तिने. डॉक्टर म्हणाले पेशी वाढायला लागल्यात... ताई? ऐकताय ना?"

माझी बोटं सैल झाली. मी सोडायचं ठरवलं नव्हतं, ती सुटलीच. चाक फिरलं, भराभर, एक आखूड शिवण पूर्ण झाली आणि मशीन गप्प झालं. मी ओरडले असेन बहुतेक. फोनवर शोभा विचारत होती, काय झालं, काय झालं. मी तिला म्हटलं, "सिद्धीकडे बघ. आत्ता बघ."

"बघतेय की," ती म्हणाली. "बिस्कीट खातेय."

मी त्याच वेळी हुक काढलं. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन समोर उभं राहून गॅस कटरने त्याचे तुकडे करून घेतले. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. रात्री दवाखान्यात सिद्धीच्या उशाशी बसून राहिले. पोरगी ठणठणीत घरी गेली. शोभाला मी दुसरं मशीन बघून दिलं. यातलं काहीही तिला आजवर सांगितलेलं नाही.

पण त्या रात्रीनंतरच्या सकाळी पारगावहून म्हातारीच्या सुनेचा फोन आला. सासूबाई गेल्या.

"कधी?" मी विचारलं.

"काल. दुपारीच घरघर लागली व्हती. पाहुणं-रावळं जमलं, तोंडात पाणी घातलं... पर जीव जाईना. लई हाल झालं हो. शरीर नुसतं ताणलं जायचं, आन् मदीच थांबायचं. कुणीतरी धरून ठेवल्यावानी. डॉक्टरबी म्हणले, असं कधी पाह्यलं न्हाई. दिवेलागणीला सुटल्या एकदाच्या."

मी ओट्यावर बसलेली ती म्हातारी आठवत होते. कमरेतून वाकलेली, लहान पोरीएवढी उरलेली.

यावर मी खूप विचार केलाय. मशीनला तेल कुठून येत होतं, चाक कशाने फिरत होतं, सिद्धीचा ताप औषधाने उतरला की आणखी कशाने, मी कुणाला वाचवलं की कुणालाच नाही. कारण शोधणं हाच माझा धंदा आहे आणि मला एकही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी काही सुचवणार असाल तर जरूर लिहा. पण एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे, ती आधी ऐका.

फोन ठेवण्याआधी सून म्हणाली होती, "ताई, त्यांनी शेवटाला तुमची आठवण काढली बघा. डोळे मिटलेलं, तरी सारखं म्हणत व्हत्या — त्या मशीनवालीला म्हणावं, सोड आता. सोड गं बाई." मग तिने विचारलं, "काय सोडायचं व्हतं हो ताई?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.