अनंताचा दोरा आणि उजवा हात

अनंत चतुर्दशी. पूजा आटोपली होती. नैवेद्याची खीर उतरवली आणि रोजच्या कामाला लागले : यांच्या उजव्या हाताला बोटं लावून थरथर बघणे.

यांचं डायलिसिस चालू आहे. आधी मानेत नळी होती. तिथून जंतुसंसर्ग झाला, हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी हातातली शीर धमनीला जोडून फिस्टुला केला. डाव्या हाताच्या शिरा सलाइनच्या सुयांनी आधीच निकामी, म्हणून उजवा. त्या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, घट्ट काही बांधणं नाही. रक्त वाहतं आहे तोवर बोटांना मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. ते थांबलं की पुन्हा मानेतली नळी. हे मला पाठ होतं. देवघरात मात्र मी फुलं बदलण्यापुरतीच जायचे.

त्या सकाळी थरथर अगदी मंद लागली. बाही सारली तर दंडावर चौदा गाठींचा लाल दोरा, करकचून बांधलेला. मी स्वयंपाकघरात असताना थोरल्या दिरांनी बांधला होता. पुरुषांच्या उजव्या दंडावर, रीतीप्रमाणे.

“अहो, सोडा तो आधी.”

“अनंत मधेच सोडत नाहीत.”

“मग मानेत नळी घालायला अनंताला बोलावू का?”

“व्रत मोडायचं आणि त्याच्याकडेच आयुष्य मागायचं?”

मी कात्री घ्यायला वळले, तोच बेल वाजली. दारात अनोळखी गृहस्थ. शेजारच्या इमारतीत जायचं होतं, जिना चुकले होते. “पलीकडची बिल्डिंग,” म्हणत दार लावणार, तर त्यांच्या हातावर यांच्यासारखीच फुगलेली शीर.

“तुम्हालाही फिस्टुला? मग आत या. यांना सांगा, माझं ऐकत नाहीत.”

“बायकोचं कोण ऐकतं!” म्हणत ते आत आले. दोरा पाहून हसू मावळलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून आपला लाल दोरा काढून दाखवला. “माझा अनंत इथं असतो. त्याला दंड काय न् खिसा काय! पाप लागलंच तर माझ्या नावावर घ्या.”

यांनी हात पुढे केला. गृहस्थांनी दोरा सोडला, कपाळाला लावला, यांच्या खिशात ठेवला. पाणीही न घेता गेले. नाव विचारायचं राहिलं.

डायलिसिस विभागात फोन केला. “लगेच घेऊन या,” म्हणाले. बिबवेवाडीतून निघालो. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, रिक्षा गल्ल्यांतून फिरत होती. माझी बोटं यांच्या हातावरच. थरथर वाढल्यासारखी वाटे, मग वाटे, हे तर रिक्षाचं इंजिन. कधी नव्हे ते मी म्हणाले, आता तूच बघ.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. “चालू आहे. वेळेवर सोडलात.”

जिना चुकणं शहरात नवं नाही. ते गृहस्थ नेमके तेव्हाच कसे आले, यावर मी वाद घालणार नाही. हात जपणं माझं काम, ते करीनच. पण आत जे वाहतं ते मी वाहतं ठेवत नाही, एवढं त्या रिक्षात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या शर्टाच्या खिशात दोरा ठेवला, शर्ट यांना दिला आणि दिवा लावायच्या आधी यांचा हात हातात घेतला. गुरगुर होती. डोळे मिटून नमस्कार केला. तोंड देवघराकडे नव्हतं.