अजून आपण आलोच नाही

"थांबा, अजून आपण आलोच नाही," असं म्हणून आमच्या भूगोलाच्या बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या. शिक्षिकांच्या खोलीत कुणी शेखी मिरवली, मोठ्या बाई शाळेच्या थोरवीवर बोलू लागल्या, की कोपऱ्यातून ते बोट वर यायचं. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण मनात म्हणायचे, हे वाक्य आपल्याला का सुचू नये?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायला आल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून मी तिथे होते. माझे तक्ते भिंतीवर सरळ रेषेत, खडूचे तुकडे डब्यात, वह्या शनिवारी तपासून परत. त्यांच्या टेबलावर शाईची दौत, अर्धा पेरू आणि नदीतला गोटा एकत्र नांदत. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे आणि, मला जास्त लागायचं ते हे, की त्यांच्या वर्गातल्या मुलींनाही ती ऐकू येत नसे. माझ्या वर्गात घंटेच्या आधीच दप्तरं बांधलेली असत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याकडे बघून आपली शिस्त आपल्यालाच कोरडी वाटू लागते.

दरवर्षी शाळा तपासायला दिपोटी साहेब येत आणि त्यांच्यापुढे एक नमुन्याचा पाठ होई. तो पाठ माझा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सोलापुरात उन्हाळा यावा तसं ते ठरलेलं होतं. त्या वर्षी मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदा भूगोलाच्या बाई घेतील. पृथ्वीवर जीव कसे आले, असा विषय आहे."

"तक्ते कुठले वापरणार?" मी भूगोलाच्या बाईंना विचारलं.

"तक्ते कशाला? अव्वाचा ताणा आहे की!"

शाळेमागच्या गल्लीत विणकरांची घरं होती. सकाळी साडीचं उभं सूत गल्लीभर ताणून त्याला खळ लावायचे; तो ताणा. त्यांतल्या एका घरातल्या म्हाताऱ्या आजीला सगळी गल्ली अव्वा म्हणे.

"साहेबांना गल्लीत नेणार? तिथे ऊन, धूळ, शेळ्या..."

"शेळ्या अगदी शेवटी येतात," त्या म्हणाल्या.

निदान साहेबांना बसायला हवं, म्हणून मी ताण्याच्या पलीकडे, सावलीत, एक खुर्ची मांडून ठेवली.

पाठ सुरू झाला. ताण्याच्या एका टोकाशी उभं राहून त्या म्हणाल्या, "इथे पृथ्वी जन्मली. चला." आणि चालू लागल्या. बोलेनात. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पाणी." आणखी पुढे गेल्यावर पुन्हा, "पाणी." निम्मा ताणा संपला. साहेबांनी घड्याळ काढलं. मला बरं वाटू लागलं.

"पण बाई, यात आपण कुठे आहोत?" साहेबांनी विचारलं.

"अजून आपण आलोच नाही, साहेब."

साहेब उन्हाने घामाघूम झाले होते. त्यांना पलीकडची खुर्ची दिसली. त्यांनी पाटलोण वर धरून ताणा ओलांडायला पाय उचलला.

"ओ साहेब!" अव्वा कडाडली. "पाय खाली! ताणा ओलांडायचा न्हाय. फिरून जावा की!"

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. झालं, मी मनात म्हटलं, पुढच्या वर्षीचा पाठ माझा.

भूगोलाच्या बाईंनी बोट वर केलं. "अव्वा म्हणते ते खरं आहे, साहेब. इथून उडी मारून पुढे कुणालाच जाता आलं नाही. सगळे चालतच आले."

साहेबांनी पाय खाली ठेवला आणि निमूट चालू लागले. ताण्याच्या आठ हिश्शांतले सात मागे पडले तेव्हा शिंपले आले. मग मासे आले, आणि साहेबांनीच हुश्श केलं. जमिनीवर हिरवळ आली, प्रचंड सरडे आले. टोक हातभर उरलं असताना बाईंनी जमिनीवर पाय आपटला. "आपल्या सोलापूरचा हा काळा दगड इथे वितळून वाहिला." शेवटी खुंटा आला आणि खुंट्याला मारलेली गाठ.

"माणूस?" साहेबांनी विचारलं.

"गाठीच्या आत कुठेतरी."

अव्वा वाकून गाठ बघू लागली. "एवडं चालून एवडुसाच?"

"एवढाच, अव्वा."

"मग एवडी मिजास कशाला करत्यात?"

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. त्यांनी दिलेला शेरा मोठ्या बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवला. मी तो ऐकला नाही. मी तेव्हा कुणीही न बसलेली खुर्ची उचलून आणत होते.

पुढे त्या बार्शीच्या शाळेत गेल्या. निरोपाची व्यवस्था अर्थातच माझ्याकडे होती. हार, नारळ, चिवडा, टांगा, सगळं वेळेवर झालं. मुली रडायच्या थांबेनात, तेवढी सोय माझ्याजवळ नव्हती. टांगा वळणावर दिसेनासा झाला तेव्हाही एक बोट वर होतं.

नमुन्याचा पाठ परत माझ्याकडे आला. मी नवे तक्ते केले. शिंपला, मासा, सरडा, घोडा, माणूस. सगळे चौकोन एका मापाचे. दिपोटी साहेबांनी ते नीट पाहिले. मग खिडकीतून मागच्या गल्लीकडे पाहिलं.

"यंदा तो ताणा नाही का, बाई?"

मी मुलींना घेऊन बाहेर पडले. टोकाशी उभी राहिले, "इथे पृथ्वी जन्मली. चला," म्हणाले. नुसत्या पाण्याच्या त्या रिकाम्या सुतासाठी माझ्याकडे चांगली वाक्यं तयार होती. पण मुली अशा मुकाट चालत होत्या की बोलायला मला जागाच सापडेना.

मध्यावर एकीने विचारलं, "बाई, आलो का आपण?"

माझं बोट वर गेलं. "अजून आपण..."

"आलोच न्हाय!" ताण्यावर कुंचा फिरवता फिरवता अव्वाने वाक्य पुरं केलं. "त्या बाई असंच म्हनायच्या. कुटं हायत त्या?"

"बार्शीला," मी म्हणाले आणि बोट खाली घेतलं.

अजून निम्मा ताणा चालायचा होता. मुली पुढे निघाल्या. दोन रांगा केल्या होत्या त्यांनी, कुणी न सांगता. आणि दोन्ही रांगांच्या पुढे, मधोमध, एक बाई मावेल एवढी जागा मोकळी ठेवली होती. मी मागूनच चालत राहिले.