जिताडा कडू का लागला?

मंडळी, रविवारी मी इथे लिहिलं होतं की मासेवाल्या मावशीने शिळा जिताडा दिला, म्हणून अख्खा भाजलेला मासा कडू लागला. ते चूक होतं.

आज अंजूरहून आत्या ताजा मासा घेऊन आली. माझी तक्रार ऐकून हसली.

"शिलं मावरं वास मारतं गो, कडू न्हाय लागत. पोट साफ करताना तूच पित्त फोरलंस!"

तिने माशाचं पोट चिरून मण्याएवढी हिरवी पिशवी दाखवली. मला राहवेना. थेंबभर जिभेला लावून लगेच थुंकले. तीच चव!

मावशी साफ करून देत होती, मीच नको म्हटलं होतं. वर सोमवारी चारचौघींत तिला बोलून आले. आता नुसतं इथे लिहून भागेल का? मला नाही वाटत. बुधवारी सकाळी बाजारात जाऊन तिची माफी मागणार आहे.